थेंबाएवढं घर आणि दोन व्याही

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास दोन प्रश्न विचारले जातात. नायगारा पाहिला का? आणि दिवसभर करमत होतं का? नायगारा आम्ही पाहिला नाही. करमण्याचं म्हणाल, तर दिवस पुरला नाही. त्याचीच ही हकिगत.

मुलगा आणि सूनबाई डेट्रॉईटच्या उत्तरेला एका उपनगरात राहतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी नव्या घराची वास्तुशांत केली आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना एकदमच बोलावून घेतलं. आम्ही दोघं बेळगावचे, मराठी. सूनबाईचे आईवडील गोकाककडचे, घरात कन्नड. दोन्ही घरांत दोन्ही भाषा समजतात, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती. दोघी विहिणी पहिल्या दिवसापासून गळ्यात गळा घालून स्वयंपाकघरात असत. आम्ही दोघे व्याही मात्र सहा वर्षांत 'जेवण झालं का' आणि 'ऊट आत एन री' यापलीकडे गेलो नव्हतो. त्याचं कारण पुढं येईलच.

मे महिन्यात मुलानं गॅरेजमध्ये नेऊन एक चित्र दाखवलं. मोटारीमागं ओढायची एक छोटी गाडी, पुढं गोल फुगीर आणि मागं निमुळती, बाजूनं पाहिलं तर अश्रूचा आडवा थेंब. तिला तिकडे 'टीअरड्रॉप' म्हणतात. आत दोघांपुरतं अंथरूण, आणि मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. १९३० च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, हौशी लोकांनी अशा गाड्या घरी बनवायला सुरुवात केली. १९४७ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकानं तिचे नकाशे छापले, तेव्हा घरोघरी हातोड्या वाजू लागल्या. पुढं मोठ्या गाड्या आल्या, ही मागं पडली आणि १९९० नंतर पुन्हा लोकांच्या मनात भरली.

"बाबा, तुम्ही पॅटर्न शॉपचे. मामा शेतातले. मला शनिवार-रविवारच मिळतो. जमेल का?" मुलानं विचारलं. मी उद्यमबागेत चौतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले. ओतकामात साचा काढायला आधी लाकडाची हुबेहूब प्रतिकृती लागते, ती करायचं माझं काम. रंध्याचा वास आला की मला अजून भूक लागते. "जमेल की," मी म्हणालो. व्याह्यांनी नुसती मान हलवली.

चेसिस तयार विकत आणली, पाच फूट रुंद, आठ फूट लांब, पुढं लांब दांडी. तिच्यावर आधी तळ. प्लायवूडच्या खालच्या बाजूला पाणी लागणार, म्हणून तिला डांबरी लेप दिला. मग बाजूच्या भिंती. तिथली प्लायवूडची शीट चार बाय आठ फुटांचीच असते, आपल्यासारखी. हा आकार तिच्यात नेमका बसतो, म्हणून तर तो इतका घरगुती झाला. वळण काढायला कंपास चालत नाही. शीटवर आठ-दहा खिळे मारायचे, त्यांच्यामधून एक लवचीक पट्टी वाकवायची आणि ती पट्टी जिथं आपसूक वळते तिथं पेन्सिल ओढायची. एक भिंत कापली की तिला दुसरी शीट क्लॅम्पनं चिकटवून एकाच वेळी दोन्हींच्या कडा घासायच्या. दोन भिंतींत सुतभर फरक पडला, तर छत पिळवटलं म्हणून समजा.

छताला तीन मिलिमीटरची प्लाय, तीही दोन थर. जिथं वळण जास्त तिथं ओलं फडकं ठेवून रात्रभर दोरीनं ताणून ठेवली. मध्ये इंचभर जाडीचा फोम, आणि सगळ्यावरून ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन्ही बाजूंना एकेक दार, वर झडप असलेला झरोका. हा झरोका हौसेचा नाही. दोन माणसं एवढ्याशा जागेत दारं लावून झोपली की हवा कोंदते आणि सकाळी भिंतींना पाणी सुटतं. शेगडी मात्र कायम बाहेर, मागच्या झाकणाखाली. आत पेटवली तर विषारी वायू साठून जीव जाऊ शकतो.

या सगळ्यात व्याही माझ्याशी कामापुरतं बोलत. धरा, सोडा, इकडं घ्या. माणूस कामाला वाघ. पहाटे साडेपाचला उठून गॅरेज झाडून ठेवत. मला वाटे, एकदा बोलून टाकावं. आणि मग पुन्हा करवत हातात घेई.

जुलैअखेर गाडी उभी राहिली. नोंदणी करून नंबरपाटीही आली. राहिल्या होत्या दोन सायकली. मुलगा आणि सूनबाई दोघंही सायकलवेडी, आणि जायचं ठरलं होतं ते मॅकिनॉ बेटावर, जिथं मोटार चालत नाही. सायकली न्यायलाच हव्या होत्या. मुलानं त्यांच्यासाठी गाडीच्या पाठीमागं लोखंडी रॅक बसवला. दिसायला झकास.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर चाचणी घेतली. स्वयंपाकाचं सामान मागच्या ओट्यात भरलं, सायकली रॅकवर चढवल्या. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास गेल्यावर मागची गाडी शेपटी हलवू लागली. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी थोडी जास्त. मुलानं शहाणपण केलं, ब्रेक दाबला नाही, नुसता पाय काढून वेग उतरू दिला. बाजूला थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते. आठवडाभरानं या गाडीला घेऊन साडेचारशे किलोमीटर जायचं होतं आणि तिच्यामागं आमची सगळ्यांची कुटुंबं होती.

मी चाकं तपासू लागलो. बेअरिंग, नटबोल्ट, हवा. सगळं ठीक. व्याही मात्र चाकांकडे पाहतच नव्हते. त्यांनी दांडीचं टोक हिचवरून सोडवलं आणि एका हातानं वर उचललं. सहज उचललं गेलं.

"हिंद भार भाळ आत री," ते म्हणाले. आणि मग मराठीत, "चक्कडी उलाळतीया. जुवावर वजनच न्हाई."

मी कपाळावर हात मारला. बैलगाडीत कडबा भरताना मागं जास्त भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं, आणि गाडी हेलकावे खाते. लहान पोरालाही हे ठाऊक. तेच इथं झालं होतं. मुलानं घरी जाऊन वजनकाटा आणला आणि दांडीखाली ठेवला. गाडी रिकामी असताना दांडीचा भार ४२ किलो होता. मागं सायकली, रॅक आणि भांडीकुंडी चढल्यावर तो ११ वर आला होता. ओढगाडीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर हवा, असं तिकडची पुस्तकं सांगतात. व्याह्यांनी ते पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं की जू एका माणसाला उचलावं तर लागलं पाहिजे, पण बैलाची मान दबता कामा नये.

रॅक काढून टाकला. तसाही तो असताना मागचं झाकण उघडत नव्हतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सायकलीचं पुढचं चाक काढलं की ती साडेचार फुटांत बसते. म्हणून दांडीवरच, गाडीच्या तोंडाशी, पाच फुटी आडवं कपाट केलं. आत दोन सायकली उभ्या, काढलेली चाकं बाजूला पट्ट्यानं बांधलेली, झाकणाला रबरी कड. मोटार वळताना कपाटाचा कोपरा तिला लागू नये एवढं अंतर मोजून ठेवलं. पुन्हा वजन केलं. एकूण सव्वापाचशे किलो, दांडीवर ६७. म्हणजे जवळजवळ तेरा टक्के. पुन्हा त्याच रस्त्यावर नेली. ती गाडी गुमान मागं आली. कपाटाचं माप माझं होतं आणि जागा व्याह्यांची.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत, मध्ये सामुद्रधुनीसारखं पाणी. त्यावर १९५७ साली बांधलेला आठ किलोमीटरचा पूल आहे. पुलाच्या अलीकडच्या गावाचं नाव आणि पाण्यातल्या बेटाचं नाव दोन्ही 'मॅकिनॉ'. पण बेटाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी सी आणि गावाच्या शेवटी डब्ल्यू. फ्रेंचांनी एक लिहिलं, इंग्रजांनी दुसरं. मूळ शब्द तिथल्या आदिवासींचा. मी म्हटलं, बरं आहे, यांची स्पेलिंगं दोन पण उच्चार तरी एक. आमच्या गावाचे उच्चारही दोन. व्याही पहिल्यांदा मोकळेपणी हसले.

बेटावर मुक्कामाला तंबू ठोकायची परवानगी नाही. म्हणून पुलाच्या दिव्यांसमोर मॅकिनॉ सिटीत तळ पडला. थेंबाच्या घरात दोघी विहिणी झोपल्या. पोरांचा एक तंबू. दुसऱ्या तंबूत आम्ही दोघे व्याही.

झोप येईना. बाहेर सरोवराच्या लाटा. मी म्हणालो, "लग्नाच्या पत्रिकेचं..." आणि थांबलो.

२०१८ साली पत्रिका एकच छापायची ठरली होती, मराठी आणि कन्नड दोन्ही मजकुरांची. छपाई माझ्याकडे होती. ऐनवेळी गल्लीतल्या चार जणांनी टोचून बोललं, आणि मी कन्नड मजकूर काढायला सांगितला. व्याह्यांना कळवलं की जागा पुरली नाही. त्यांनी काही विचारलं नाही. आपल्या पाहुण्यांसाठी वेगळी पत्रिका छापून घेतली आणि लग्नात हसतमुखानं उभे राहिले.

"जागा होती," मी म्हणालो.

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, झोपले.

"गोत्तित्तु री," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "झोपा आता. उद्या सायकल हाय."

सकाळी बोटीनं वीसेक मिनिटांत बेटावर उतरलो. तिथल्या गावानं १८९८ मध्ये मोटारींना बंदी केली, ती आजवर टिकून आहे. आपल्याकडे माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात, तसं इथं पाणीच नाका झालं आहे. रस्त्यावर घोडागाड्या आणि सायकली. लिदीचा आणि दुकानात शिजणाऱ्या साखर-चॉकलेटच्या फजचा असा मिसळलेला वास. विहिणींनी घोडागाडी केली. पोरांनी कपाटातून आणलेल्या सायकलींना चाकं जोडली आणि पसार झाली. आम्हा दोघांना भाड्याच्या दुकानात एकच सायकल मिळाली, दोन सीटांची, दोन पायडलांची. दोघांनी मिळूनच मारायची.

"तुम्ही पुढं बसा," व्याही म्हणाले. "मी हलका. मागं भार नको."

बेटाला वळसा घालणारा रस्ता तेरा किलोमीटरचा, सगळा पाण्याच्या कडेनं. उजव्या हाताला ह्युरॉन सरोवर, डावीकडे चुनखडीचे कडे. एका ठिकाणी सुमारे दीडशे फुटांवर दगडाची नैसर्गिक कमान आहे. अर्ध्या वाटेवर 'ब्रिटिश लँडिंग' लागतं. १८१२ च्या जुलैमध्ये इंग्रज सैन्य रात्री इथं गुपचूप उतरलं आणि लढाईशिवाय किल्ला घेऊन बसलं. किल्ल्यातल्या अमेरिकनांना युद्ध सुरू झाल्याचीच बातमी नव्हती. तीन वर्षांनी तहानुसार बेट परत गेलं. तिथं बाकावर बसून आम्ही गोकाकचा करदंट खाल्ला. सीमाभागातल्या दोन म्हाताऱ्यांना सीमेच्या गोष्टी कुठंही भेटतात.

गणपतीच्या आधी आम्ही परत आलो. बेळगावात पाहुण्यांनी फोटो पाहिले की विचारतात, इथं अशी गाडी करता येईल का? करता येईल, पण ओढगाडीलाही नोंदणी लागते, तेव्हा आधी आरटीओत विचारा आणि मग करवत उचला. आणि सामान भरताना मागं भरू नका.

आता धाकटीचं लग्न ठरलं आहे. पत्रिकेचं प्रूफ परवा व्याह्यांकडे गोकाकला पाठवलं, कन्नड मजकूर त्यांनीच तपासला. एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. जागा पुरली.