अठरावा धावपटू

क्रॉस कंट्री हा पायांइतकाच बेरजेचा खेळ आहे, हे बाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. एका संघाचे सात जण शर्यतीत उतरतात. त्यातल्या पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज करायची, ती ज्याची सर्वांत कमी तो संघ विजेता. सहाव्या-सातव्याचे क्रमांक बेरजेत येत नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या आधी पोचले तर त्या संघाची बेरीज फुगवतात. एक ते पाच क्रमांक एकाच संघाचे आले तर १५, याहून कमी बेरीज होऊच शकत नाही. कोलोरॅडोतल्या अलामोसा या साडेसात हजार फुटांवरच्या गावातल्या ॲडम्स स्टेट कॉलेजने १९९२ साली डिव्हिजन टूच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते करून दाखवलं. प्रशिक्षक होते ज्यो व्हिजिल. लांब पल्ल्याचं प्रशिक्षण शिकणाऱ्या आमच्या पिढीला त्यांचं नाव घेताना अजूनही कानाची पाळी धरावीशी वाटते.

मी मूळचा नाशिकचा, आणि बरीच वर्षं अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका विद्यापीठात लांब पल्ल्याच्या धावपटूंचा सहायक प्रशिक्षक आहे. शर्यतीत दिसतात ते सात. रोज पहाटे मैदानावर येतात ते कितीतरी जास्त. त्यातल्या बहुतेकांना खेळाची स्कॉलरशिप नसते. स्वतःची फी भरायची, सरावाला यायचं, आणि कधीतरी त्या सातांत नाव लागेल म्हणून झिजत राहायचं. त्यांना इथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. विद्यापीठाला त्यांचा खर्च म्हणजे बुटांचे जोड आणि बसमधली जागा. चांगल्या संघाचं बळ याच मुलांमुळे असतं, कारण पाचव्याला पळवतो तो बारावा.

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ (एनसीएए म्हणजे कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) या खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि हे सगळं गणित बदललं. तडजोडीचा गाभा पैशाचा आहे. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई, आणि यापुढे विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हा पैसा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या खेळाडूंच्या घामावर अनेक दशकं इतरांनी इमले बांधले, तेव्हा त्यांना पैसे मिळणं न्याय्यच आहे. माझी तक्रार सोबत आलेल्या दुसऱ्या कलमाबद्दल आहे.

पूर्वी मर्यादा स्कॉलरशिपवर होती. डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात पुरुषांच्या क्रॉस कंट्री आणि ट्रॅकला मिळून १२.६ पूर्ण स्कॉलरशिप, महिलांना १८. संघात किती जण असावेत यावर बंधन नव्हतं. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत आता स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि माणसांची आली: क्रॉस कंट्रीला १७, ट्रॅक अँड फील्डला ४५. म्हणजे कागदावर सगळ्यांना स्कॉलरशिप देता येते, फक्त ‘सगळे’ कमी झाले. अंदाजपत्रक तेवढंच राहिलेल्या विद्यापीठात प्रत्यक्षात किती जणांना ती मिळते हे विचारू नये.

सात जण धावणार असतील तर सतरा खूप झाले, असं कुणालाही वाटेल. पण खरी कात्री क्रॉस कंट्रीच्या १७ मध्ये नाही, ती ट्रॅकच्या ४५ मध्ये आहे. लांब पल्ल्याचा धावपटू शरद ऋतूत क्रॉस कंट्री पळतो, हिवाळ्यात इनडोअर आणि उन्हाळ्याआधी आउटडोअर. तेव्हा ते सतराही या ४५ मध्ये मोजले जातात. उरले २८. त्यात स्प्रिंटर, अडथळ्यांचे, उंच उडी, लांब उडी, पोल व्हॉल्ट, गोळा, थाळी, हातोडा, भाला आणि डेकॅथलॉन. मुख्य प्रशिक्षकाची नोकरी परिषदेच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या (कॉन्फरन्सच्या), स्पर्धेतल्या गुणांवर टिकते. तिथे पहिल्या आठांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण मिळतात. एक चांगला स्प्रिंटर शंभर, दोनशे आणि रिले अशा तीन ठिकाणांहून गुण आणतो. दहा हजार मीटर पळालेल्या मुलाला त्याच आठवड्याच्या शेवटी पाच हजार पळवता येतं, आणि तेही पाय जड झालेले असताना. मग कुणाचं नाव आधी खोडलं जाणार?

न्यायाधीशबाईंच्या हे लक्षात आलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली. त्यानंतर या नियमामुळे जागा गेलेल्यांची नावं वेगळ्या यादीत नोंदवून त्यांना मर्यादेतून सूट देण्यात आली, आणि दुसऱ्या विद्यापीठात गेले तरी ती सूट सोबत जाते. मात्र त्यांना परत घेणं विद्यापीठावर बंधनकारक नाही. शिवाय ही सूट त्या एका पिढीपुरती. आज शाळेत दहावी-अकरावीला असलेल्या मुलाला ती नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. शंभर मीटरची गुणवत्ता अठराव्या वर्षी बरीचशी दिसते. दहा हजारांची दिसत नाही. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळं, पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया, कमी प्राणवायूत तोच वेग राखण्याची काटकसर, हे सगळं वर्षानुवर्षांच्या शांत मैलांनी जमतं. केनियाच्या किपचोगेने बर्लिनमध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. मुलींच्या बाबतीत तर सतरा ते वीस या वयात शरीर बदलत असताना वेळा थांबतात, कधी मागेही जातात. थोडा धीर धरला तर त्या परत सुधारतात. नेमक्या याच वर्षांत डोक्यावर यादीची तलवार टांगली की मुली जेवण तोडतात, पाळी थांबते, नडगीचं हाड दुखत असलं तरी सांगत नाहीत. स्ट्रेस फ्रॅक्चर झालेली मुलगी यादीतून तशीही जाते, ही यातली क्रूर गंमत. अठराव्या वर्षीच्या वेळेवर लांब पल्ल्याचा धावपटू निवडणं म्हणजे मोहोर पाहून आंब्याचा भाव ठरवणं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. तो बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला आणि शर्यतींकडे वळला तो सैन्यातच, २०१५ च्या सुमारास, क्रॉस कंट्रीमधून. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलं. अठराव्या वर्षी त्याच्याकडे दाखवायला वेळच नव्हती. अमेरिकेतल्या कुठल्याही यादीत त्याचं नाव लागलं नसतं.

नाव कापलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात काही सांगून उपयोग नसतो. नंतर तो विचारतो, आता कुठे पळू? जागा बऱ्याच आहेत. मुलांना त्या कमीपणाच्या वाटतात, एवढीच अडचण.

पहिली म्हणजे लहान कॉलेजं. डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, एनएआयए या वेगळ्या संघटनेतली कॉलेजं, दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं. इथे उलटा न्याय आहे. मोठ्या विद्यापीठात जादा धावपटू हा खर्च असतो, तर लहान खासगी कॉलेजात तो फी भरणारा विद्यार्थी असतो, म्हणून तिथल्या प्रशिक्षकाला ‘आणखी मुलं आणा’ असं सांगितलं जातं. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, पण अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळते आणि कधीकधी हिशेब मोठ्या विद्यापीठापेक्षा स्वस्त पडतो. इलिनॉयमधल्या नॉर्थ सेंट्रल कॉलेजात ॲल कॅरियस यांनी अनेक दशकं असाच भलामोठा संघ बाळगला आणि राष्ट्रीय विजेतेपदांची रांग लावली. निक सिमंड्स विलामेट या डिव्हिजन थ्री कॉलेजातून आला आणि २०१३ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत आठशे मीटरमध्ये दुसरा आला. साउथ डकोटातल्या नॉर्दर्न स्टेटमध्ये वॉक-ऑन म्हणून आलेली डकोटा लिंडवर्म २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये बारावी आली. शाळेत असताना ती कुणाच्या डोळ्यांत भरलेली नव्हती.

ज्यांना कॉलेज बदलायचं नाही, अभ्यासक्रम चांगला आहे, मित्र आहेत, त्यांच्यासाठी क्लब. विद्यापीठांतले रनिंग क्लब विद्यार्थीच चालवतात. वर्गणी काढतात, गाड्या भाड्याने घेतात, सरावाचा तक्ता कुणीतरी वरच्या वर्गातला करतो. त्यांची एनआयआरसीए ही राष्ट्रीय संघटना आहे, आणि शरद ऋतूत तिची राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा होते. या मुलांना मी पूर्वी हौशी समजत असे. त्यांच्यातले पुढचे धावपटू अनेक डिव्हिजन वन संघांत सहज बसले असते.

तिसरा मार्ग म्हणजे कुणाचाही बनियन न घालता पळणं, ‘अनअटॅच्ड’. कॉलेजांच्या कितीतरी खुल्या स्पर्धांत प्रवेश मिळतो. डिसेंबरमध्ये बोस्टन विद्यापीठाच्या इनडोअर ट्रॅकवर पाच हजार मीटरच्या एकामागून एक शर्यती होतात आणि गट वेळेनुसार पडतात. घड्याळ बनियन बघत नाही. शहरांतल्या क्लबांसाठी डिसेंबरमध्येच राष्ट्रीय क्लब क्रॉस कंट्री असते, पुन्हा तीच सांघिक बेरीज. रस्त्यावरच्या शर्यती तर बारमाही आहेत. २०२४ च्या ऑलिंपिक मॅरेथॉन ट्रायल्ससाठी पुरुषांनी अर्धमॅरेथॉन ६३ मिनिटांत, महिलांनी ७२ मिनिटांत पुरी केली तरी पुरत होतं. कुठल्या कॉलेजच्या यादीत होतात हे तिथे कुणी विचारत नव्हतं. मात्र रागाच्या भरात एकोणिसाव्या वर्षी मॅरेथॉन पळायला निघालेल्याला मी अडवतो. त्याला अजून पाच वर्षं आहेत.

आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी ही तडजोड स्वीकारायचीच नाही असं ठरवलं, त्यामुळे तिथे या मर्यादा लागू नाहीत. पण तिथे प्रवेश मिळवणं ही वेगळीच शर्यत.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून हल्ली बरीच मुलं शाळेत क्रॉस कंट्री पळतात, कारण कुणालाही वगळत नाही असा तो शाळेतला एक खेळ आहे. भारतातून खेळासाठी येणारी मुलंही भेटतात. त्यांच्या पालकांना एवढंच सांगायचं आहे. विद्यापीठाच्या झेंड्याचा रंग आणि टीव्हीवरचं नाव पाहून कॉलेज निवडू नका. प्रशिक्षकाला थेट विचारा: यादीत सध्या किती आहेत, गेल्या हंगामात अकराव्या-बाराव्या क्रमांकाच्या मुलाला किती शर्यती मिळाल्या, पहिल्या वर्षी दुखापत झाली तर जागा राहील का, आणि हे लेखी देता का? शेवटच्या प्रश्नाला जो गोलमोल बोलेल त्याच्याकडे मूल पाठवू नका. विद्यार्थी एफ-वन व्हिसावर असेल आणि कॉलेज बदलावं लागलं, तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद नव्या कॉलेजकडे नीट वर्ग करून घ्या आणि पूर्णवेळ प्रवेश एक सत्रही सोडू नका. धावण्याची जागा दुसरीकडे मिळते, व्हिसाची चूक निस्तरणं फार अवघड असतं.