नाडी हाती नसताना

दवाखान्यात रोगी समोर येऊन बसतो तेव्हा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याची अर्धी हकीकत माझ्या हाती आलेली असते. तो दारातून कसा आला, दम खाण्यासाठी चौकटीला हात टेकला की नाही, बोलता बोलता दृष्टी कोणाकडे वळली आणि सोबतच्या माणसाने त्याचे वाक्य नेमके कोठे तोडले, या साऱ्याची नोंद कुटुंबवैद्याचे मन त्याच्या नकळत करीत असते. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावर ध्वनिक्षेपकासमोर बसले की यांतले काहीच उरत नाही. श्रोत्यांची पत्रे मी वाचतो आणि उत्तरेही मीच देतो; परंतु माझे उत्तर पत्र धाडणाऱ्यापुरते राहत नाही. तेच वाक्य एखाद्या गर्भवतीच्या, मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या वृद्धाच्या आणि तापाने फणफणलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजीच्या कानी एकाच क्षणी पडते, आणि त्यांपैकी कोण त्याची अंमलबजावणी करील यावर माझी यत्किंचितही हुकमत नसते.

म्हणून प्रत्येक वाक्याला मी एकच कसोटी लावतो: ऐकणाऱ्यांत जो सर्वांत अशक्त असेल त्याने ते शब्दशः पाळले, तर त्याला अपाय होईल काय? या कसोटीपायी पुष्कळ खरे आणि उपयुक्त ज्ञानही कागदावरून खोडावे लागते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी आहे ते सिद्ध केले, आणि ज्या दंशाने कोकणातली धडधाकट माणसे आणि कोवळी मुले दगावत, त्यातून ती वाचू लागली. हे मी अभिमानाने सांगतो, औषधाचे नावही घेतो. प्रमाण मात्र कधीही सांगत नाही, कारण तेच औषध रक्तदाब एकाएकी उतरवू शकते आणि रोग्याला नुसते उठवून बसविणेही तेव्हा जोखमीचे ठरते. सांगावयाचे ते एवढेच, की मांत्रिकाकडे घालविलेला वेळ परत मिळत नाही.

बोलण्याच्या रचनेविषयी जे शिकलो ते कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात मला आढळले नाही. आपल्या मराठी वाक्यात नकार बहुधा अगदी शेवटी येतो. ‘फुरसे चावले तर दंशाच्या जागी ब्लेडने चिरा देऊ नका’ हे वाक्य कागदावर निर्दोष आहे. परंतु खरखरणाऱ्या रेडिओवर, पागोळ्यांच्या आवाजात, गोठ्यात गाय हंबरत असताना शेवटचा ‘नका’ तेवढा हरवला, तर श्रोत्याच्या कानी उरतो तो चिरा देण्याचा हुकूम. तेव्हापासून निषेध बाजूला ठेवून मी विधी सांगतो: रोग्याला आडवे करा, अंगठ्या, तोडे, जोडवी आधी उतरवा, चावलेला पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, त्याला उचलून गाडीत घाला आणि थेट रुग्णालय गाठा. या वाक्यांतले कोणतेही पद गळाले, तरी उरलेले पद रोग्याच्या हिताचेच राहते. मधूनच रेडिओ लावणारा माणूस आधीचे काही जाणत नाही, हे ध्यानी घेऊन वाक्यही असे घडवितो की ते एकटे आपल्या पायांवर उभे राहील.

जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्याविषयी मी वर्षानुवर्षे बोलत आलो आहे आणि त्याचा मला कंटाळा येत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-सोड्याचे पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या आप्तांकरवी पाजविले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ च्याही खाली आले. आणि ही कृती एका गुप्त बांगलादेशी नभोवाणी केंद्रावरूनही प्रसारित झाली होती, ही गोष्ट मला आमच्या या कामाची सनद वाटते. मी सांगतो तेव्हा आधी थोडा अवसर देतो, म्हणजे कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन येईल; मग सावकाश म्हणतो: उकळून निवविलेले १ लिटर पाणी, लहान चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द दोनदा उच्चारतो, आणि चव अश्रूंहून खारट लागली तर ते पाणी ओतून पुन्हा करा असे बजावतो. तयार पाकीट मिळाले तर ते केव्हाही उत्तम. मात्र काटकसरी आया त्यातली चिमूट चिमूट पूड कपात घालून पाजतात हे दवाखान्यात ऐकल्यामुळे, सबंध पाकीट एकाच वेळी लिटरभर पाण्यात विरघळवावे हे प्रत्येक खेपेस सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये डॉ. चार्ल्स हिल ‘रेडिओ डॉक्टर’ एवढ्याच नावाने बोलत, आणि पोटाच्या व मलशुद्धीच्या तक्रारी ते निःसंकोच, घरगुती भाषेत मांडीत. जे चारचौघांत उच्चारावयाचे नाही ते एका भारदस्त, आपुलकीच्या आवाजाने उच्चारले, की ऐकणाऱ्याच्या मनावरील ओझे उतरते, असा माझाही अनुभव आहे. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत जी निनावी असतात तीच मी सर्वांत काळजीपूर्वक वाचतो. पत्ता असेल तर खासगी प्रश्नाला टपालाने उत्तर देता येते. निनावी पत्राला उत्तर देण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे प्रश्नाचा उल्लेख न करता उत्तर प्रसारणात गुंफणे.

सध्या असे एक पत्र माझ्या दप्तरात आहे. बाळंतपण होऊन काही आठवडे लोटले, पण बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नाही, झोप येत नाही आणि रडू आवरत नाही, असे तिने लिहिले आहे. सासूबाई याला हट्ट समजतात. येत्या भागाचा विषय मी ‘बाळंतिणीचा आहार’ असा जाहीर करविला आहे, कारण मनाच्या विकाराचे नाव आधीच घेतले तर त्या घरातला रेडिओ कदाचित बंद होईल. डिंकाचे लाडू, अळीव, नाचणी यांविषयी बोलून झाल्यावर मी सांगणार आहे, की काही बाळंतिणींना असे होते, तो आजार आहे, उपचाराने तो बरा होतो, आणि तिला एकटे न ठेवता सासूने स्वतः सोबत घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे यावे; हे वाक्य मी सासूला उद्देशूनच लिहिले आहे.