बकलम खुद्द : बोरू, शाईचे पेन आणि रत्नागिरीतला एक हात

१/ रत्नागिरीत ‘कलम’ म्हटले की कोणाच्या डोळ्यांसमोर लेखणी येत नाही, हापूसचे झाड येते. अमक्याकडे दीडशे कलमे आहेत, यंदा कलमे उशिरा मोहरली, हे बोलणे पेनांविषयी नसते. शब्द मात्र एकच. अरबी-फारसीतून आलेल्या ‘कलम’चा मूळ अर्थ बोरू, म्हणजे टोकाला छेद देऊन तासलेली काडी. हा धागा त्या दुसऱ्या कलमाविषयी आहे, आणि ते पंचविशीत सापडलेल्या रत्नागिरीतील एका तरुणाविषयीही.

२/ हा तरुण राज्यसेवा परीक्षेची तयारी करीत होता. इतकी वर्षे तयारी म्हणजे पर्यायांसमोरची वर्तुळे काळी करणे. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि तीन-तीन तास सलग लिहिण्याची वेळ आली. पहिल्याच सरावात तिसऱ्या पानावर अंगठा दुखू लागला. पाचव्या पानावरचे स्वतःचे अक्षर दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच लागेना. कोणीतरी शाईचे पेन घेण्याचा सल्ला दिला. त्याने ते घेतले. आठवडाभरात बोटे निळी झाली. अक्षर होते तसेच राहिले.

३/ असे का होते, याचे उत्तर यंत्रात आहे. लाझ्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ मध्ये ज्या बॉलपेनाचे पेटंट घेतले, त्याच्या टोकाशी एक लहानशी गोळी असते. ती कागदावर फिरली तरच दाट शाई उतरते, आणि ती फिरवायला दाब द्यावा लागतो. वर्षानुवर्षे दाब देऊन बोटांना आवळण्याची सवय लागते. शाईच्या पेनाला दाब नको असतो. निबेच्या चिरेतून केशाकर्षणाने शाई आपोआप टोकाशी येते. टोक कागदाला नुसते टेकले तरी पुरते. म्हणजे पेन बदलले होते, हात मात्र अजून बॉलपेनाचाच होता.

४/ ही ‘आपोआप’ येणारी शाई साधायला मोठा खटाटोप करावा लागला होता. टाकीतून शाई खाली यायची तर तिच्या जागी हवा वर गेली पाहिजे. तसे झाले नाही तर पेन अडते. फार झाले तर डाग पडतो. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने १८८४ मध्ये पेटंट घेतले ते मुख्यतः निबेखालच्या जिभेचे. तिच्यातील बारीक खाचांमुळे शाई आणि हवा यांची अदलाबदल एका मापात होऊ लागली. मराठीत या पेनाला ‘झरणी’ असाही शब्द काढला गेला, पण लोकांच्या तोंडी ‘फौंटनपेन’ आणि ‘शाईचे पेन’ हेच राहिले.

५/ यंत्राचे हे वागणे कोकणात लगेच कळते. ड्रॉपरने शाई भरायचे पेन अर्धे रिकामे झाले की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात कागदही दमट होतो. श्रावणात त्याच वहीवर त्याच शाईला मिशा फुटतात. आपल्या तरुणाने आधी पेनाला दोष दिला, मग शाईला. वही पत्र्याच्या डब्यात ठेवू लागल्यावर निम्मी तक्रार मिटली.

६/ शाईचाही इतिहास आहे. जुनी देशी शाई काजळी आणि डिंकाची. ती कागदावर काळीभोर राहते, शेकडो वर्षे फिकी पडत नाही. पण फौंटनपेनाच्या बारीक खाचांत डिंक वाळला की पेन कायमचे बसते. नव्या पेनाला पातळ, रंगद्रव्य पूर्ण विरघळलेली शाई हवी होती आणि ती बहुतांशी परदेशातून येई. १९३१ मध्ये मुंबईच्या गिरगावात दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. पुढे फौंटनपेनासाठी ‘कॅमल’ शाई आली आणि कॅमल व इंक मिळून ‘कॅमलिन’ हे नाव झाले. महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या शाळेच्या गणवेशावरील निळे डाग बव्हंशी या दौतीतले.

७/ त्याआधीची साधने टाक आणि बोरू. टाक म्हणजे लाकडी दांडीला बसवलेली पोलादी निब. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी ती जगभर पोहोचवली. बोरू मात्र ज्याचा त्याने तासायचा. देवनागरीसाठी बोरूचा छेद रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट बाजूला कललेला असतो. आपल्या अक्षरांतील जाड-बारीक रेषा कोणी ठरवून काढलेली नक्षी नव्हे. त्या छेदाने आपसूक पडलेले वळण आहे. गोल टोकाच्या निबेने ‘छापील पुस्तकासारखे’ अक्षर काढू पाहणारा निराश होतो त्याचे कारण हेच. छापाच्या खिळ्यांनी बोरूची नक्कल केली, आणि आपण बोरू सोडून त्या नकलेची नक्कल करतो.

८/ अक्षर कसे असावे याविषयी मराठीत एक जुने आणि अत्यंत व्यवहारी प्रकरण आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे आणि काळेभोर असावे. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वळण एकच राहावे. कागदाच्या कडा मोकळ्या सोडाव्यात, हा त्याचा आशय. त्यातली एक सूचना विशेष मार्मिक आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये काळाचे अंतर असते, आणि अक्षराने ते अंतर ओलांडायचे असते, हे भान त्या सूचनेत आहे.

९/ पण रामदास सांगतात ते बाळबोध अक्षर ग्रंथासाठीचे. कचेरीचे काम वेगळ्या लिपीत चाले. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे वळवत जायचे. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच नाही. सगळी रचना वेगासाठी. त्या वेगालाही घराणी होती: चिटणिसी, बिवलकरी, रानडी. आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरशी एक कथा जोडलेली आहे. संकटात सापडलेल्या बाळाजी आवजींचे सुरेख अक्षर पाहून शिवाजी महाराजांनी त्यांना तेथूनच आपल्याकडे घेतले, असे परंपरा सांगते. तपशील बखरींचे आहेत; पण अक्षराच्या बळावर माणूस राज्याचा चिटणीस होऊ शकतो, हे त्या काळाला अशक्य वाटत नव्हते, एवढे त्यातून नक्की दिसते.

१०/ मग छापखाना आला. छापण्यासाठी बाळबोध सोयीची, म्हणून शिक्षण आणि कारभार हळूहळू तिच्याकडे वळले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही गेली. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. अ या एकाच अक्षराला वेलांटी-उकार देऊन सगळे स्वर लिहावेत, म्हणजे खिळ्यांची संख्या घटेल, असा तिचा रोख होता. यंत्रासाठी अक्षर बदलण्याचा तो विचार होता. काही छपाईत ते स्वर रूढ झाले. लोकांचा हात मात्र आपला जुना ‘इ’ काढत राहिला.

११/ हा ताण अजून संपलेला नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरवले. फोनच्या पडद्यावर मात्र बहुधा हिंदी वळणाचेच दिसतात. आपल्या तरुणाने वहीत सराव सुरू केला तेव्हा त्याचा पहिला खोळंबा ‘ल’पाशी झाला. शाळेत शिकलेला ‘ल’ कोणता, हे बोटांना आठवत होते. डोळे दुसराच मागत होते. त्याने बोटांचे ऐकले.

१२/ सराव म्हणजे नेमके काय? आधी कित्ता, म्हणजे समोर ठेवलेला एक नमुना. शाळेतली दुरेघी वही पुन्हा काढायची. उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ, अर्धगोल. मग अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने नव्हे, आकारांच्या कुळांनी: ग म भ न, व ब क, प ष फ, ट ठ ढ. बालवाडीतल्या ‘गमभन’मागचे तर्कशास्त्र हेच आहे, कारण एका कुळातील अक्षरांत हाताची हालचाल सारखी असते. आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली जातात. म्हणून दोन ओळींत अंतर सोडले नाही तर उत्तम अक्षरही गिचमिड दिसते. आपल्या तरुणाने दोन गोष्टी बदलल्या: ओळींतले अंतर वाढवले आणि पेन बोटांनी ओढण्याऐवजी कोपरापासून हात सरकवू लागला. तीन महिन्यांनी अंगठा दुखेनासा झाला. अक्षर मोत्यांसारखे झाले नाही, वाचण्याजोगे झाले.

१३/ वाईट अक्षराची लाज मोठमोठ्यांना वाटली आहे. दक्षिण आफ्रिकेत तरुणांची सुंदर अक्षरे पाहून आपल्याला ओशाळे वाटले, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानावे आणि मुलांना आधी चित्र, मग अक्षर शिकवावे, असे त्यांचे मत झाले. दुसरीकडे रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९१०–११ मध्ये मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले ते शिसपेन्सिलीने. तेव्हा पेनाचा मोह धरणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की साधन हाताला वळण लावते, पण विचाराला ते अडवत नाही.

१४/ येथवर हा एका छंदाचा इतिहास झाला. पण अक्षर सुधारता सुधारता आपल्या तरुणाची नजरही बदलली. कोणतीही रेघ कोठून सुरू झाली, हात कोठे उचलला, हे त्याला दिसू लागले. त्याच सुमारास गावच्या घरी जमिनीच्या कागदांची पिशवी निघाली. रत्नागिरी जिल्ह्यात अशी पिशवी घरोघर आहे. खोती पद्धत १९४९ च्या कायद्याने संपली. तिच्या काळातले करार, पावत्या, कर्जरोखे माळ्यावर पडून आहेत. बहुतेक मोडीत. घरातल्या कोणालाही त्यातला शब्द वाचता येत नव्हता. कागद आपले आणि त्यांत लिहिलेले काय, ते परके सांगणार, अशी ती अवस्था.

१५/ त्याने मोडीची बाराखडी आणली आणि त्याच पेनाने, त्याच दुरेघी वहीत ती गिरवायला घेतली. नुसती पाहून मोडी लवकर येत नाही. लिहून येते, कारण ती हाताच्या गतीचीच लिपी आहे. राज्याच्या पुरालेखागाराकडून मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि इतरत्र कोट्यवधी कागद वाचकांची वाट पाहत आहेत. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्येही आली. पण संगणकाला अक्षर ठाऊक असणे आणि घरातल्या एकाला तरी ते वाचता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१६/ पिशवीतला एक एकोणिसाव्या शतकातला कर्जरोखा त्याने दोन रविवार खपून लावला. शेवटी सही शोधली तर सही नव्हती. खापरपणजोबांच्या नावापुढे एक लहानसे चित्र होते आणि शब्द होते ‘निशाणी नांगर’. लिहिता न येणारा शेतकरी आपल्या नावापुढे नांगर काढी. त्याच्याखाली ‘बकलम’ आणि भलत्याच कोणाचे नाव. बकलम म्हणजे ‘यांच्या कलमाने’. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या, स्वतःला वाचता न येणाऱ्या मजकुराखाली त्या माणसाने आपला नांगर ठेवला होता.

१७/ तो नांगर थरथरत्या हाताने काढलेला नव्हता. फाळाची रेघ एका झटक्यात खाली आलेली, रुमण्याची वळणदार. काढणाऱ्याला नांगर पुरता ठाऊक होता. आपल्या तरुणाने त्या रोख्याचे बाळबोधीत लिप्यंतर केले, मोकळ्या ओळींत, फार बारीक नाही अशा अक्षरात, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांनाही वाचता यावे. खाली तारीख घातली आणि लिहिले, ‘बकलम खुद्द’.

१८/ आपल्याकडेही अशी पिशवी असेल तर ती पावसाआधी उघडावी. कागद सुकवून कोरड्या डब्यात ठेवावेत, फाटलेल्यांना चिकटपट्टी लावू नये. आणि वाचणारा मिळेपर्यंत, जमल्यास, एक कित्ता गिरवायला घ्यावा.