वर्तमानपत्रात न मावलेले गाव

मिगेल देलिबेस (१९२०–२०१०) यांचे जवळजवळ सारे आयुष्य स्पेनमधल्या वायादोलिद शहरात गेले. १९४१ साली ते तिथल्या ‘एल नोर्ते दे कास्तिया’ या दैनिकात व्यंगचित्रकार म्हणून लागले. पहिल्याच कादंबरीला १९४७चा नादाल पुरस्कार मिळाला, तरी वर्तमानपत्र सुटले नाही. १९५८ मध्ये ते त्याच दैनिकाचे संपादक झाले.

काळ फ्रँकोच्या हुकूमशाहीचा. वायादोलिदच्या परिसरातल्या, कास्तिया प्रदेशातल्या शेतकऱ्यांची हलाखी देलिबेस छापू लागले आणि माद्रिदच्या माहिती खात्याशी त्यांचे खटके उडाले. १९६३ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले. आदल्याच वर्षी ‘लास रातास’, म्हणजे ‘उंदीर’, ही कादंबरी आली होती. गावाबाहेरच्या गुहेत राहणारा, ओढ्यातले पाणउंदीर पकडून पोट भरणारा एक माणूस आणि त्याच्याजवळचा निनी नावाचा पोर. हवामानाचा अंदाज असो की जनावराचे दुखणे, अख्खे गाव त्या पोराला विचारते. शेवटी हाताशी आलेले पीक गारपिटीत झोपते.

वर्तमानपत्रात बोलू दिले नाही म्हणून कादंबरीतून बोललो, असे देलिबेस सांगत. हे पटते, आणि पटले की अस्वस्थ करते. मग या कादंबरीचे थोडे श्रेय सेन्सॉरच्या पदरात टाकायचे का?

तसे टाकवत नाही, कारण देलिबेस हाडाचे शिकारी होते. तांबड्या पायांच्या तित्तरांमागे ते रानोमाळ पायपीट करत. पाखरांची नावे, मातीचा पोत, शेतकऱ्याचे बोलणे त्यांच्या लेखणीत उतरले ते या पायपिटीतून. ‘शिकाऱ्याची रोजनिशी’ ही त्यांची कादंबरी तर १९५५चीच, संपादकपदाच्याही आधीची. निनीचे शहाणपण या रानातले आहे; त्यात सरकारी कात्रीचा वाटा नाही. पण हे रानही सरळ उत्तर देत नाही. १९८१च्या ‘लोस सांतोस इनोसेंतेस’ या कादंबरीत शिकार न साधल्याने चिडलेला जमीनदार एका भोळ्या गड्याचे पाळीव पाखरू गोळी घालून पाडतो, आणि तो गडी त्याला फासावर लटकवतो. हे लिहिणारा हात बंदूक धरणाराच होता.

१९९३ मध्ये त्यांना सर्व्हांतेस पुरस्कार मिळाला. अखेरची कादंबरी ‘एल एरेखे’ १९९८ची. फ्रँको जाऊन वीसहून अधिक वर्षे झाली होती, वर्तमानपत्रे मोकळी होती. तरी देलिबेस यांनी विषय निवडला तो सोळाव्या शतकातल्या वायादोलिदचा: बंदी घातलेली पुस्तके वाचणारा, निषिद्ध श्रद्धा जपणारा एक व्यापारी आणि १५५९ साली त्याला जिवंत जाळणारे धर्मन्यायालय.