मानेची सोनोग्राफी: काही टिपणे

वाशीम जिल्ह्यात रिसोडकडची असो की मानोऱ्याकडची, बाईच्या गळ्याशी गाठ दिसली की घरात पहिला शब्द निघतो तो कॅन्सर. थायरॉइडच्या शंभर गाठींपैकी नव्वदहून अधिक साध्या निघतात. रिपोर्ट हातात देणाऱ्यानेच हे आधी सांगावं, म्हणजे निदान त्या रात्री झोप तरी लागेल.

*

खांद्याखाली उशी, मान मागे, गळ्यावर गार जेल. पडद्यावर मधोमध श्वासनलिका, दोन्ही बाजूंना थायरॉइडची राखाडी पाळी, तिच्या बाहेर ठोके देणारी काळी रक्तवाहिनी. गाठ सापडली की डॉक्टर बघतात: ती पाण्याची की भरीव, भोवतालच्या ग्रंथीपेक्षा किती काळपट, आडवी की उभी, कडा कशी, आत पांढरे ठिपके आहेत का. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने 2017 मध्ये या प्रत्येक गोष्टीला गुण ठरवून दिले. त्या पद्धतीचं नाव टायरॅड्स. स्पंजासारखी जाळीदार गाठ असेल तर शून्य. रुंदीपेक्षा उंची जास्त असेल तर तीन, बारीक चमकदार ठिपक्यांचे आणखी तीन. बेरीज सात किंवा त्याहून जास्त झाली, तर संशय सर्वांत दाट.

*

आकाराचा धसका उगाच घेतला जातो. कमी संशयाच्या गाठीला अडीच सेंटिमीटरपर्यंत सुईने पेशी काढून तपासायची गरज नसते. दाट संशयाची गाठ मात्र एक सेंटिमीटरची असली तरी सुईची तपासणी सुचवली जाते. दोन सेंटिमीटरची साधी गाठ घेऊन शस्त्रक्रियेची तारीख मागणाऱ्यांना हे कुणीतरी बसून समजावायला हवं.

*

‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही भीती घट्ट रुजलेली आहे. थायरॉइडच्या गाठीत बारीक सुई घातल्याने असं होणं अत्यंत विरळ. सुई टाळून थेट अख्खी ग्रंथी काढली, तर जन्मभर रोज गोळी, शिवाय आवाजाच्या नसेला धोका.

*

दक्षिण कोरियाचं उदाहरण विसरू नये. तिथे तक्रार नसलेल्यांच्याही मानेची सरसकट सोनोग्राफी झाली. 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या पंधरापट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र तसंच राहिलं. म्हणून शिबिरात फुकट आहे एवढ्यासाठी मान तपासून घेऊ नये. गाठ हाताला लागत असेल, आवाज बसला असेल, गिळायला त्रास असेल, घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर मात्र टाळू नये.

*

गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे सोनोग्राफीच्या प्रत्येक मशीनची नोंदणी लागते. मानेसाठी म्हणूनही ते मनाला येईल तिथे नेता येत नाही. कायदा हवाच. पण त्यामुळे तपासणीसाठी शहरात यावं लागलं की खेड्यातल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते, हेही खरं. वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन मात्र झालं ऑक्टोबर 2024 मध्ये. तिथे शिकणाऱ्यांनी रिपोर्ट लिहिण्याची शिस्त पहिल्यापासून अंगी बाणवावी. ‘उजव्या बाजूला गाठ, पुढील तपासणी करावी’ एवढ्या ओळीवर माणूस अकोल्याला, नागपूरला धावतो.

*

रिपोर्टमध्ये गाठीची तिन्ही मापं, टायरॅड्सची श्रेणी आणि मानेतल्या लसिकाग्रंथींचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर तिथेच विचारा. जुना रिपोर्ट आणि फिल्म फेकू नका. गाठ वाढली की नाही, हे पुढच्या खेपेला त्या जुन्या मापांवरूनच ठरतं.