आडनाव आणि मुक्काम

सुट्टी लागली की आता आपल्या वस्तीतली मुलेही गड-डोंगर चढायला निघतात. ही आनंदाची गोष्ट आहे. कळसूबाई हे ५,४०० फूट उंचीचे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या सीमेवर आहे. पण बायका-मुले बरोबर असली की मुक्कामाचा विचार आधी करावा लागतो.

अकोले तालुक्यात सोयी बऱ्याच आहेत. भंडारदऱ्याला धरणाजवळ पर्यटन महामंडळाचे निवास आहे, खासगी हॉटेले आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला गर्दी लोटते, तेव्हा जलाशयाकाठचे तंबूसुद्धा आधी ठरवावे लागतात. कळसूबाईसाठी बारी, रतनगडासाठी रतनवाडी, सांदण दरीसाठी साम्रद, हरिश्चंद्रगडासाठी पाचनई या गावांत घरगुती जेवण आणि झोपायची सोय होते. हा भाग अभयारण्यात येतो. म्हणून गडावर राहायचे असल्यास वनखात्याचे नियम पायथ्यालाच विचारून घ्यावेत.

आम्ही गेलो तेव्हा वाटेत एका लॉजवर खोली मागितली. मालकाने नाव विचारले, गाव विचारले, मग आडनाव विचारले. ते सांगताच खोली 'आधीच दिलेली' निघाली. धाकटी म्हणाली, "पप्पा, किल्ल्या तर सगळ्या खिळ्यालाच आहेत!"

१९१७ साली परदेशात शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्याच बाबासाहेबांच्या देखरेखीखाली लिहिलेल्या घटनेचे १५ वे कलम हॉटेलात जातीवरून अटकाव करू देत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात 'हॉटेल' या शब्दात लॉजिंग-बोर्डिंगही येते. ओळखपत्र मागणे हा नियम झाला. अस्पृश्य मानून खोली नाकारणे हा गुन्हा आहे.

त्या रात्री पायथ्याच्या गावात एका आदिवासी कुटुंबाने आम्हांला ठेवून घेतले. घरातल्या आजींनी एकच विचारले, "किती भाकरी टाकू?"

तेव्हा बंधू-भगिनींनो, मुलांना जरूर डोंगर दाखवा. आडनाव मात्र लपवू नका. जिथे माणुसकीने ठेवून घेतात ती घरे एकमेकांना सांगा. जिथे नाकारतात तिथली तारीख-वेळ लिहून ठेवा, साक्षीदार धरा आणि पोलिसांत तक्रार द्या.