हुंकार

आमच्या घरी गोष्ट ऐकणं हेसुद्धा एक काम होतं. रात्री आबाजी ओसरीतल्या बाजेवर पडून गोष्ट सांगायचे आणि आम्ही पोरांनी प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणायचं. एखादा हुंकार चुकला की आबाजी तिथेच थांबत. राजपुत्र विहिरीच्या काठावर उभा असे, राक्षसाची चाहूल लागलेली असे, आणि आबाजी मात्र गप्प. मग अंधारातून आवाज यायचा, “झोपला काय बे?” आम्ही घाईघाईने चार-पाच हुंकार एकदम देऊन टाकायचो. आबाजी म्हणत, “हुंकार नाही त गोठ नाही.”

हे वाक्य मला खऱ्या अर्थाने समजलं ते पुढे, एका कॅसेटमुळे.

मी दहावीला होतो. दोस्ताचे वडील रेल्वेत गार्ड होते. दिवाळीत त्याच्या मुंबईच्या मावसभावाने त्याला एक ९० मिनिटांची कॅसेट भरून दिली. पुठ्ठ्यावर निळ्या शाईने देवनागरीत लिहिलं होतं : ‘डीप पर्पल, मेड इन जपान’. म्हणजे डीप पर्पल या बँडच्या जपानमधल्या मैफलीचं रेकॉर्डिंग. इंग्रजी गाणी म्हणजे काय, हे आम्हाला तोवर रेडिओच्या खरखरीतून आलं तेवढंच ठाऊक. दोस्ताच्या क्वार्टरमध्ये टू-इन-वन नव्हता, आमच्याकडे होता. म्हणून ती कॅसेट आमच्या ओसरीत आली आणि तिथेच राहिली.

मूर्तिजापूर हे मुळात आवाजांचं गाव. अकोला आणि बडनेऱ्याच्या मधलं जंक्शन. मुंबई-हावडा मोठ्या लाइनवरच्या गाड्या धडधडत निघून जायच्या. आणि इथूनच नॅरोगेजचे दोन फाटे फुटायचे, एक लाखपुरी-दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. ती आमची शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४च्या एप्रिलपर्यंत धावलं. कॅसेटवरचं दुसरं गाणं, ‘चाइल्ड इन टाइम’, अगदी हळू सुरू होतं. जॉन लॉर्डचा ऑर्गन एकटाच वाजत असतो. त्या शांततेत कितीदा तरी शकुंतलेची शिट्टी शिरली. ते गाणं आजही लावलं की माझा कान त्या जागी शिट्टीची वाट पाहतो.

कॅसेट एलपीवरून भरलेली असल्यामुळे १९ मिनिटांनी, तबकडी उलटताना, ‘टक्’ असा आवाज व्हायचा. कित्येक महिने आम्हाला तो ड्रमचाच ठोका वाटे. पण तिची मोठी खूण वेगळीच होती. पहिल्या बाजूवर चार गाणी बसली होती, सुमारे ३६ मिनिटांची. बाजू होती ४५ मिनिटांची. म्हणजे शेवटी ९ मिनिटं कोरी. नुसती सूं... आम्ही ती कधी पुढे पळवली नाहीत. त्या नऊ मिनिटांत भांडायचो.

भांडण एकच, पण त्याला फाटे किती! कॅसेट मैफलीची, पण दोस्ताला स्टुडिओतलं गाणं खरं वाटे. त्याने पुढे अमरावतीहून डीप पर्पलचे दोन स्टुडिओतले अल्बम भरून आणले, १९७०चा ‘इन रॉक’ आणि १९७२चा ‘मशीन हेड’. तो म्हणे, “अबे, इथं एक सूर इकडचा तिकडं नाही. माणूस जे करू पाहते ते हे आहे.” मी म्हणे, माणूस जे करू पाहतो त्यापेक्षा त्याच्या हातून जे होऊन जातं ते मोठं. ‘स्पेस ट्रकिन’ हे गाणं स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे. तेच जपानमध्ये २० मिनिटांपर्यंत गेलं. हा वाढीव पाऊण भाग आला कुठून? त्यांनी घरून तर आणला नव्हता. समोर बसलेल्यांनी तो त्यांच्याकडून काढून घेतला, असं माझं म्हणणं.

हळूहळू आम्ही कुठून कुठून माहिती गोळा केली. कुणाकडे जुनं मासिक असे, कुणाकडे एलपीचं कव्हर. ‘मशीन हेड’ बनला १९७१च्या डिसेंबरात, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी. ज्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं तो ४ डिसेंबरला, फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमातच आग लागून जळाला. तळ्यावर पसरलेला तो धूर बँडने हॉटेलातून पाहिला आणि त्यातून त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं जन्मलं, ‘स्मोक ऑन द वॉटर’. मग हंगाम सरून रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत गाद्या लावून आवाज दाबला, बाहेर रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची ट्रक उभी केली आणि बरीचशी गाणी तिथे बांधली. समोर एकही ऐकणारा नाही. आठ-नऊ महिन्यांनी, १९७२च्या ऑगस्टमध्ये, तीच गाणी घेऊन ही पाच माणसं जपानला गेली : इयन गिलन, रिची ब्लॅकमोर, जॉन लॉर्ड, रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस. १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ला टोकियो. मार्टिन बर्चने आठ ट्रॅकच्या यंत्रावर तिन्ही रात्री टिपल्या. बँडला त्यात फारसा रस नव्हता. हा अल्बम जपानपुरताच राहावा असं त्यांना वाटत होतं. मिक्सिंगला पाचांपैकी ग्लोव्हर आणि पेस एवढेच हजर राहिले. आणि जगाने डोक्यावर घेतलं ते हेच रेकॉर्डिंग.

एका संध्याकाळी दुसरी बाजू लागली होती. तिच्यावरचं पहिलं गाणं ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’. त्याच्या मध्यावर बाकीची वाद्यं मागे हटतात. ब्लॅकमोर गिटारवर एक छोटी तान टाकतो, गिलन ती जशीच्या तशी गळ्यातून परत करतो. ब्लॅकमोर अवघड करतो, गिलन पुन्हा परत करतो. आधी तान लांबते, मग आखूड होत होत एकेका सुरावर येते, आणि शेवटी गिलन अशी किंकाळी फोडतो की गिटारने मागे फिरावं. आमच्याकडे शाहिरांत आणि लावणीत सवाल-जवाब असतो, तोच हा प्रकार. आबाजी बाजेवर पडून होते. या गाण्यांबद्दल ते कधीच काही बोलले नव्हते. त्या दिवशी उठून बसले आणि म्हणाले, “हा पाह्य, हुंकार देऊ रायला त्याले.” मग थोडं ऐकून म्हणाले, “आन् लोकं बी देऊ रायले.”

खरंच, मागे जपानी माणसं होती. हजारोंच्या टाळ्या. मी महिनोन्महिने गिलन आणि ब्लॅकमोर ऐकत होतो. आबाजींनी पहिल्या ऐकण्यातच माणसं ऐकली.

याचं कारण त्यांनी त्याच रात्री सांगितलं. आबाजींनी तरुणपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. पूर्णाकाठच्या ऋणमोचनाच्या जत्रेत, आणि नंतर आणखी दोन-तीन ठिकाणी. बाबा तर आमच्याच मातीतले. जन्म २३ फेब्रुवारी १८७६चा, अंजनगावकडच्या शेंडगावचा. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गुरं राखण्यात गेलेलं. मूर्तिजापुरात त्यांनी उभं केलेलं गोरक्षण आहे, त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. आमच्यासाठी ते भिंतीवरच्या फोटोतले बाबा : अंगावर चिंध्या, हातात खराटा, मडक्याचं खापर. आबाजींसाठी ते आवाज होते.

“बाबा सांगत नसत,” आबाजी म्हणाले, “इचारत.” कर्ज काढून सण कराव काय? देवाले बकरं लागते काय? पोराले शाळेत घालाव का नाही? आणि हजार माणसं एका गळ्याने उत्तर देत. उत्तर बारीक आलं तर बाबा पुन्हा विचारत. दिवसभर गाव झाडलेला माणूस रात्री उभा राहून विचारतो आहे, म्हटल्यावर गप्प बसायची कुणाची छाती नसे. आबाजींचं म्हणणं असं की लोक घरी जाताना बाबांचं वाक्य बरोबर नेत नसत. आपण स्वतःच मोठ्याने दिलेलं उत्तर नेत. स्वतःच्या तोंडून निघालेलं ‘नाही’ दुसऱ्या दिवशी मोडणं जड जाई.

आचार्य अत्र्यांनी लिहून ठेवलं आहे की गाडगेबाबांना पाहावं ते कीर्तनातच. ते वाचलं तेव्हा मला ओसरीतली ती रात्र आठवली. गो. नी. दांडेकरांनी आणि प्रबोधनकारांनी बाबांची चरित्रं लिहिली, पण दोघांच्याही पुस्तकात तो आवाज कसा मावणार? तो मावला एका ध्वनिमुद्रणात. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला बाबांचं अखेरचं कीर्तन झालं, ते मुद्रित झालं आहे. त्यानंतर ४२ दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला.

ते कीर्तन मी ऐकलं तोवर आबाजी नव्हते. बाबांचा वऱ्हाडी आवाज आला, थकलेला, तुटक, पण धारेचा. त्यांनी विचारलं आणि वांद्र्याच्या माणसांनी उत्तर दिलं. माझ्या अंगावर काटा आला तो त्या उत्तराने. कोण ती माणसं? त्यांची नावं कुठेही नाहीत. पण ती नसती तर ते भाषण झालं असतं, कीर्तन झालं नसतं. आयुष्यभर रोज रात्री उभ्या राहिलेल्या माणसाची किती कीर्तनं वाऱ्यावर गेली असतील! त्यांतली ही एक रात्र उरली.

एकच रात्र उरणं म्हणजे काय, हे मला पुन्हा त्या कॅसेटनेच शिकवलं. १९९३ साली जपानच्या त्या तिन्ही रात्रींचा तीन सीडींचा संच निघाला. आमच्या हाती तो बऱ्याच वर्षांनी लागला. आम्ही ज्याला एक मैफल समजत होतो ती तीन रात्रींतून वेचलेली होती. ‘स्मोक ऑन द वॉटर’ १५ तारखेचं, ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ टोकियोचे, उरलेली चार गाणी १६ तारखेची. तीच पाच माणसं, तीच गाणी, आणि तरी दर रात्री वेगळी वाट. दोस्त तेव्हा नागपूरला होता. महिनाभर आम्ही फोनवर एकेक गाणं तिन्ही रात्रींचं लावून बोललो. पंधराला गिलन कुठे जपून गातो, सतराला पेस कुठे आवरत नाही, सोळाला सगळं कसं जमून येतं. शेवटी दोस्तच म्हणाला, “स्टुडिओतलं गाणं पक्कं असते, पन त्याले आपली गरज नसते.” पंधरा वर्षांचं भांडण त्याने असं एका वाक्यात माझ्या पदरात टाकलं. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. उलट त्याच्या बाजूने काहीतरी बोलावंसं वाटलं.

दोस्त त्यांना प्रत्यक्ष ऐकूनही आला होता. एप्रिल १९९५मध्ये डीप पर्पल मुंबईला आले होते. ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता, त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स. मला जाता आलं नाही. घरी आबाजींचं शेवटचं दुखणं होतं. परत आल्यावर दोस्त गाण्यांबद्दल फार बोललाच नाही. बाजूला उभ्या असलेल्या अनोळखी, केस पांढरे झालेल्या माणसाबद्दल बोलत राहिला. ‘चाइल्ड इन टाइम’चा ऑर्गन सुरू झाला तेव्हा त्या माणसाने न बघता याचा हात धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. पुढे त्या मैफलीचं चित्रीकरण ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने निघालं. ते नाव आधी एका धुनेचं, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडची. त्याच धुनेवरून ‘चाइल्ड इन टाइम’ सुचलं होतं. म्हणजे मूर्तिजापूरच्या ओसरीत आम्ही ऐकत होतो त्या सुरांच्या मुळाशी मुंबईला घातलेली हाक होती. २५ वर्षांनी मुंबईने तिला ओ दिली, आणि माझा दोस्त त्या ‘ओ’मध्ये होता.

नंतर वय वाढलं तसं गिलनने ते गाणं मंचावर गाणं सोडलं. जॉन लॉर्ड २०१२च्या जुलैमध्ये गेला. शकुंतलाही थांबली, रुळांत आता गवत आहे आणि गाडी परत सुरू व्हावी म्हणून लोक अजून अर्ज-विनंत्या करताहेत.

मागच्या दिवाळीत दोस्त आला होता. कॅसेट मी जपून ठेवली आहे, टू-इन-वनही दुरुस्त करून घेतला आहे. फोनवर हे सगळं क्षणात लागतं, पण फोनवर एक गाणं संपलं की दुसरं उभंच असतं, बोलायला जागा सापडत नाही. ओसरीत तीच बाज टाकली होती. ऑर्गन आला, १९ मिनिटांनी ‘टक्’ झालं, चौथ्या गाण्यावरच्या टाळ्या विरल्या आणि टेप कोरी फिरू लागली. ती नऊ मिनिटं.

बराच वेळ कुणीच बोललं नाही. आबाजींनी गाण्यातला हुंकार ओळखला तो प्रसंग, वांद्र्याचं कीर्तन, सगळं माझ्या मनात एकत्र आलं होतं, आणि ते मी दोस्ताला कधीच सलग सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, “आबाजी एकदा म्हणाले होते...” आणि थांबलो.

अंधारातून त्याने म्हटलं, “हं.”